लेस्टर क्रॅट्झरचा नेम

त्या वर्षी उन्हाळाभर लेस्टर क्रॅट्झरने आधी बंदुकीच्या दारूला नावं ठेवली, मग चिंधीला, मग चरबीला, मग चकमकीच्या गारेला. शेवटी बंदुकीच्या नळीलाही बोल लावून झाला. एका डोळ्याचं नाव तेवढं त्याने काढलं नाही, आणि तो डोळा त्याचा स्वतःचा होता.

आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरी खोऱ्यात ठासणीची बंदूक भिंतीवर शोभेला टांगत नाहीत. नाताळ उरकला की हरणांच्या शिकारीचा एक शेवटचा हंगाम उघडतो, आणि त्यात चकमकीचीच बंदूक चालते. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चरबी लावलेल्या चिंधीत बसवलेली शिशाची गोळी गजाने तळापर्यंत ठासायची, बाजूच्या पात्रीत चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, घालायची आणि चाप ओढायचा. ठिणगी पडली तर पडली, नाही तर हरीण तुमच्याकडे बघून निघून जातं. बाकीच्या जगाने दुर्बिणीच्या बंदुका घेतल्या. घेऊ देत बिचाऱ्यांना.

आता अशा प्रत्येक बंदुकीची एक खोड असते. किती दारू, किती जाड चिंधी, कुठली चरबी, हे सगळं तिच्या कलाने घ्यावं लागतं. म्हणून मे महिन्यापासून दर शनिवारी आमच्या क्लबाच्या चांदमारीवर माणसं बाकाला रेलून बसतात, एक गोष्ट बदलतात, पाच गोळ्या झाडतात, पन्नास यार्डांवरचा कागद बघून येतात आणि मग दुसरी गोष्ट बदलतात. एका वेळी एकच, हा नियम. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे काय झालं ते देवालाही सांगता येत नाही. सगळ्या गोळ्या एका जागी पडायला लागल्या की म्हणायचं, बार जमला. मग त्या बंदुकीला पुन्हा हात लावायचा नाही. आमच्या बायका म्हणतात, एवढा धीर यांनी घरात दाखवला असता तर आमचा जन्म सुखाचा झाला असता. चुकीचं काही म्हणत नाहीत.

लेस्टरच्या बंदुकीचा बार तर त्याच्या वडिलांच्या काळापासून जमलेला होता. लेस्टर म्हणजे साठी ओलांडलेला, उंच, थोडा पुढे वाकलेला माणूस. शाळेच्या बारा नंबरच्या बसचा ड्रायव्हर. खोऱ्यातली अर्धीअधिक माणसं लहानपणी त्याच्या बसमधून शाळेत गेली आहेत, मीही गेलो आहे, आणि त्यातल्या कोणालाही तो कधी ओरडल्याचं आठवत नाही. आरशातून नुसता बघायचा. तेवढ्याने मागच्या बाकावरची मारामारी थांबायची. क्लबात तो कुऱ्हाडीच्या धारेवर गोळी मारून गोळीचेच दोन तुकडे करायचा आणि दोन्ही बाजूंना टांगलेली मातीची खापरं एका बारात फोडायचा. हे त्याने इतक्यांदा केलं होतं की लोकांनी टाळ्या वाजवायच्या सोडून दिल्या होत्या.

तर त्या मे महिन्यात त्याच्या पाच गोळ्या कागदावर पडल्या त्या कोंबड्यांना दाणे टाकावेत तशा. चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे.

शेजारच्या बाकावर मर्व्ह झर्बी होता. तो नेहमीच असतो. चुन्याच्या खाणीतून निवृत्त झाल्यापासून त्याला दोनच कामं आहेत, बंदूक आणि बोलणं, आणि पहिलं काम दुसऱ्याच्या आड कधी येत नाही. बार उडाला की जळकी चिंधी नळीतून बाहेर पडून पुढच्या गवतात पडते. ती उचलून बघायची, तिच्यावरून बार कसा आहे ते ओळखायचं, याला आम्ही चिंधी वाचणं म्हणतो. मर्व्हच्या इतकी चिंधी कोणाला वाचता येत नाही.

"वाच," लेस्टर म्हणाला.

मर्व्हने चिंधी उन्हाकडे धरली. "कडा शाबूत. मधे काळा गोल, पण जळलेला नाही. कुठे चीर नाही. लेका, असली चिंधी मी रविवारी गळ्यात बांधून चर्चला जाईन."

"मग कागदावर असं का?"

"चरबी बदल. अस्वलाची लाव."

"तुझं सगळं अस्वलाच्या चरबीवर येऊन थांबतं. बायकोने घटस्फोट मागितला तरी तू अस्वलाची चरबी लावशील."

"मागितला होता," मर्व्ह म्हणाला. "लावली. राहिली."

लेस्टर हसला. अस्वलाची चरबी लावली. गोळ्या पांगल्या त्या पांगल्याच. पुढच्या शनिवारी दारू पाच ग्रेन कमी केली, त्याच्या पुढच्या शनिवारी पाच वाढवली. गादीच्या खोळीचं पट्टेरी कापड सोडून जाड दणकट कॅनव्हास आणला. गार बदलली. आणि दर वेळी मर्व्हने गवतातून चिंधी उचलावी, उलटसुलट करावी आणि म्हणावं, "चांगली आहे." ते "चांगली आहे" ऐकलं की लेस्टर लगेच पुढचा बार भरायला घ्यायचा. चिंधी चांगली म्हणजे बार चांगला. बार चांगला म्हणजे बंदूक चांगली. मग उरलं काय?

त्याला माहीत होतं हो. न कळायला तो काय दूधखुळा होता? मार्चमधेच एका सकाळी दाढी करताना त्याने डावा डोळा मिटला, आणि न्हाणीघराच्या दाराची सरळ चौकट मधोमध पोट सुटल्यासारखी वाकडी दिसली. डोळा चोळला. चौकट तशीच. चांदमारीवर नळीच्या टोकावरची माशी, जिच्यावर नेम धरायचा, ती उजव्या डोळ्याने बघायला जावं तर नेमकी तेवढ्यापुरती नाहीशी व्हायची. आजूबाजूचं सगळं दिसे, आणि जिकडे बघावं तेवढंच दिसेना. त्याच्या आईचं असंच झालं होतं. शेवटी शेवटी ती त्याला आवाजावरून ओळखायची. जूनपर्यंत डाव्या डोळ्यातही, अगदी किंचित, पण तेच सुरू झालं होतं.

मग डोळ्याच्या डॉक्टरकडे का गेला नाही, असं तुम्ही विचाराल. मलाही राग आला होता ऐकलं तेव्हा. पण त्याच्या जागी उभं राहून बघा. डॉक्टरने एकदा लिहून दिलं की बस गेली. बस गेली की नोकरीबरोबर मिळणारा शाळेचा आजारपणाचा विमा गेला. आणि त्या विम्यावर आर्लीन उभी होती. उभी म्हणजे अक्षरशः उभी. आर्लीन, त्याची बायको. तिला संधिवात असा की दर काही आठवड्यांनी हॉस्पिटलात नेऊन शिरेतून औषध चढवलं तरच ती सकाळी पलंगावरून पाय खाली टाकू शके. मधे एकदा विम्यावाल्यांच्या घोळात एक खेप चुकली होती. तेव्हा लेस्टरने तिला कडेवर घेऊन न्हाणीघरात नेलं होतं, आणि ती लाजेने त्याच्या खांद्यावर तोंड लपवून म्हणाली होती, "पुन्हा असं नको होऊ देऊ रे." ते औषध स्वतःच्या खिशातून घेण्याची ऐपत आमच्या खोऱ्यात कोणाचीच नाही.

म्हणून तो चरबी बदलत होता.

शनिवारी संध्याकाळी घरी आला की आर्लीन विचारायची, "काय म्हणते म्हातारी?" म्हातारी म्हणजे बंदूक.

"रुसली आहे."

"इतकी वर्षं कधी रुसली नाही ती. तू काही बोललास का तिला?"

तिने कोंबडीची जाड शेवयांची आमटी केलेली असायची, वर अंड्याचे काप. सुजलेल्या बोटांनी पीठ लाटायला तिला अर्धी दुपार लागे, पण विकतच्या शेवया ती घरात येऊ देत नसे. लेस्टर समोर बसून खायचा. सांगावं, असं दर घासाला वाटायचं. सांगितलं तर ती दुसऱ्या क्षणी म्हणणार, बस सोड. आणि तिने एकदा तसं म्हटलं की तो अडकला. मग तिच्या मनाविरुद्ध बस चालवायची, नाही तर तिच्या शब्दाखातर तिलाच अंथरुणाला खिळवायचं. न सांगितलं तर रोज सकाळी बेचाळीस पोरं. कुठूनही वळलं तरी समोर भिंत. तो आणखी वाढून घ्यायचा, म्हणजे तोंड भरलेलं राहील.

एकदा मात्र त्याने दार ठोठावून पाहिलं. ऑगस्टमधे बसच्या आवारात ग्लेन्डा शॅफरला गाठलं. शाळेच्या सगळ्या बसगाड्या ग्लेन्डाच्या ताब्यात. जाडजूड, मोठ्या आवाजाची, मनाने सरळ बाई. क्लबात तीही यायची.

"गॅरेजमधे जागा आहे म्हणे," लेस्टर म्हणाला. "गाड्या धुवायची. तेलपाणी बघायची."

"आहे. कोणासाठी विचारतोयस?"

"सहज. पाठ दुखते हल्ली, म्हटलं बघावं."

"अरे, ते अर्धवेळ काम आहे. विमा नाही, काही नाही. कॉलेजच्या पोरांसाठी आहे ते." तिने त्याच्या पाठीत एक दणका दिला. "पाठीला गरम पाण्याची पिशवी लाव. बारा नंबर मी दुसऱ्या कोणाला देणार नाही, सांगून ठेवते. आया मला फोन करून खातील."

ती प्रेमानेच बोलली. लेस्टर आपल्या बसमधे जाऊन बसला. आपल्या माणसांनी आपल्याला इतकं चांगलं समजावं, याचा त्याला पहिल्यांदाच राग आला.

शाळा सुरू झाली. उजेडात त्याचं भागत होतं. रस्ता पाठ होता, वळणं पाठ होती, दोन्ही डोळे उघडे ठेवून मान थोडी तिरकी केली की बऱ्यापैकी दिसे. तो पूर्वीपेक्षा सावकाश चालवायचा. पोरांना तो चेहऱ्याने ओळखेनासा झाला होता. चढताना "गुड मॉर्निंग, मिस्टर लेस" म्हणाली की आवाजावरून नाव लावायचा. जी पोरं पुटपुटत चढत त्यांना तो हसून म्हणे, "मोठ्याने बोला, राजे, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही." कानाला दोष द्यायची सोय झाली. कान तर त्याचे सशासारखे होते.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मर्व्हचा धीर सुटला. लेस्टरच्या पाच गोळ्यांतली एक तर कागदाबाहेरच गेली होती.

"आण इकडे," मर्व्ह म्हणाला. "मी मारून बघतो."

"नको."

"का नको? तुझी बायको आहे का ती?"

"गार बोथट झाली आहे. पुढच्या शनिवारी बघू."

"गार मी आता पाहिली, वस्तऱ्यासारखी आहे. आण म्हणतो ना. मी काही खात नाही तिला."

चार माणसं बघत होती. इतकी वर्षं एकमेकांच्या बंदुका हाताळलेल्या. नाही म्हणायला कारण लागतं, आणि लेस्टरपाशी होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. त्याने बंदूक दिली. मर्व्हने वडिलांच्या काळचाच बार भरला, तीच दारू, तेच पट्टेरी कापड, मेंढीची चरबी. झाडली. नळी पुसली. पुन्हा भरली. लेस्टर बाकामागे हात खिशात घालून उभा होता आणि मनात म्हणत होता, चुकू दे. देवा, याची चुकू दे. आयुष्यात कधी दुसऱ्याचं वाईट चिंतलं नव्हतं त्याने.

पाच बार झाले. मर्व्ह कागद आणायला गेला आणि येताना जवळजवळ पळत आला. मधोमध एकच भोक होतं, कडा कुरतडलेलं. पाचही गोळ्या त्यातून गेल्या होत्या. चांदीचा डॉलर ठेवला असता तर झाकलं गेलं असतं.

"जमला," मर्व्ह ओरडला. "अरे, पहिल्यापासून जमलेलाच होता. तुझ्या म्हातारीला काही झालेलं नाही, लेस्टर. तू उगाच पाच महिने तिचा छळ केलास. कॉफी कमी कर, हात हलतो तुझा."

आणि त्याने तो कागद क्लबाच्या फळीवर नेऊन ठोकला. आता इथे आमची एक रीत सांगायला हवी. जमलेल्या बाराचा कागद फळीवर लागतो, आणि त्याच्याखाली नाव लिहितात ते बंदुकीच्या मालकाचं. चाप कोणी ओढला ते कोणी विचारत नाही. बार बंदुकीचा असतो, असं आमचे जुने लोक मानत आले आणि आम्हीही मानतो. तेव्हा मर्व्हने खोटं काहीच केलं नाही. जाड पेन्सिलीने लिहिलं, ‘लेस्टर क्रॅट्झर’, आणि वर स्वतःच्या पदरचे पैसे घालून सगळ्यांना बिअर पाजली.

लेस्टरला घरी जाताना रस्त्यात गाडी थांबवावी लागली. आता त्याच्यापाशी दोष द्यायला काहीच उरलं नव्हतं.

पण गंमत बघा. ज्या कागदाने त्याला उघडं पाडायचं, तोच त्याच्या अंगावर पांघरूण होऊन बसला. दुसऱ्या दिवशी क्लबात धिरड्यांची न्याहारी होती, सगळं गाव आलं होतं. ग्लेन्डाने फळीवरचा कागद बघून शिट्टी वाजवली.

"पाठ दुखते म्हणे. या डोळ्यांवर तू ऐंशीव्या वर्षापर्यंत बस चालवशील."

लेस्टर म्हणाला, "हं." एवढंच. त्या "हं"वर तो पुढे कितीतरी रात्री तळमळला. खोटं बोलला नाही, खरंही बोलला नाही. नुसता "हं" म्हणून त्याने आपल्या हाताने दाराला आतून कडी घातली.

ऑक्टोबरमधे ड्रायव्हरांची तपासणी असते. दर वर्षी. याच दिवसाची त्याला धडकी भरली होती. रात्रभर जागून त्याने ठरवलं की जे होईल ते होऊ दे. तक्ता वाचता आला नाही की आपोआप सुटका. निर्णय आपल्याला घ्यावाच लागणार नाही. या विचाराने त्याला इतकं हलकं वाटलं की सकाळी त्याने आर्लीनला शीळ घालत कॉफी दिली.

डॉक्टर आमच्यातलाच, हरणाच्या हंगामात दवाखाना बंद ठेवणारा. रक्तदाब घेता घेताच त्याने विचारलं, "किती दारू घालतोस रे? सत्तर ग्रेन?"

"सत्तर."

"एक भोक. मी माझ्या बायकोला सांगितलं, पाच गोळ्या आणि एक भोक. माझी दुर्बिणीची बंदूक मारत नाही तशी." तो संगणकात काहीतरी टंकू लागला. "चल, एक डोळा झाक आणि वाच. तुला काय वाचायला लावायचं म्हणा."

लेस्टरने तळहाताने एक डोळा झाकला. आणि त्या क्षणी, रात्रभर ठरवलेलं सगळं बाजूला राहिलं आणि त्याच्या बोटांत त्याच्या नकळत फट पडली. दोन्ही डोळ्यांनी, मान तिरकी करून, त्याने चौथी ओळ वाचली. मग हात बदलला आणि तीच ओळ पुन्हा म्हटली, ती आता पाठच होती. डॉक्टरचं लक्ष पडद्यावर होतं.

"झकास," डॉक्टर म्हणाला. "आणखी एक वर्ष पोरांना सांभाळ."

बाहेर येऊन लेस्टर गाडीत बसला. जे हवं होतं ते मिळालं होतं. विमा राहिला, आर्लीन उभी राहिली, कोणाचा संशय नाही. आणि फाशात सापडलेल्या कोल्ह्याला तो आणखी आवळल्यावर काय वाटत असेल ते त्याला कळलं. बाहेरून आता कोणीच त्याला सोडवायला येणार नव्हतं. सगळ्यांनी सही केली होती.

नोव्हेंबरात सकाळी अंधार असतो आणि आमच्या खोऱ्यात नदीवरून धुकं उठतं. त्या सोमवारी ते इतकं होतं की बसच्या दिव्यांचा उजेड पुढे पसरून भिंतीसारखा उभा राहत होता. लेस्टर बस रांगत रांगत नेत होता. चुन्याच्या भट्टीजवळच्या थांब्यावर त्याने गाडी उभी केली, हातब्रेकचं बटण ओढलं, लाल दिवे लागले, मागच्या गाड्यांना थांबवणारा बाजूचा फलक बाहेर आला, दार उघडलं. या थांब्यावर तीन पोरं चढतात. दोन आवाज आले.

"गुड मॉर्निंग, मिस्टर लेस."

"गुड मॉर्निंग, मिस्टर लेस."

तिसरा नाही. तिसरा म्हणजे इलाय, पहिलीतला, नेहमी उशीर करणारा. कधी कधी आजारीही असतो. लेस्टरने दाराबाहेर बघितलं. रस्त्याच्या कडेला काहीतरी काळं, बुटकं उभं होतं. पोर असेल. टपालाची पेटी असेल. तो त्याच्याकडे बघायला गेला की ते नाहीसं होई, नजर बाजूला नेली की परत येई. बसच्या नाकासमोरचा भाग दाखवणारा गोल आरसा असतो पुढे. त्यात त्याने बघितलं. राखाडी. नुसतं राखाडी. मागे एक ट्रक येऊन थांबला आणि थोड्या वेळाने त्याने भोंगा वाजवला. मग परत वाजवला.

पहिल्या बाकावर टेसा बसायची, दुसरीतली, पुढचे दात पडलेली.

"टेसा," लेस्टर म्हणाला, "बाहेर कोणी उभं आहे का गं?"

ती उठून काचेला नाक लावून बघू लागली. "तिथे? ती पत्रांची पेटी आहे."

"नक्की?"

"तिच्यावर टपालवाल्यासाठीचा लाल झेंडा आहे की."

लेस्टरने दार लावलं. हातब्रेकच्या बटणावर तळवा ठेवला. दाबलं की गाडी सुटणार.

"इलाय बसच्या पुढे आहे," टेसा सहज म्हणाली. "त्याची बुटाची नाडी सुटली आहे. इथून टोपी दिसते त्याची."

तळवा बटणावरच राहिला. लेस्टरला तो काढता येईना. मग त्याने तो दुसऱ्या हाताने धरून उचलला, आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं. दार उघडलं. कोणीतरी धापा टाकत चढलं, म्हणालं, "सॉरी, मिस्टर लेस," आणि मागे पळालं. त्या पोराला काहीच कळलं नव्हतं. मागच्या ट्रकवाल्याने पुन्हा भोंगा वाजवला.

लेस्टरने रेडिओ उचलला. तो रेडिओ सगळ्या बसगाड्यांत एकदम ऐकू जातो.

"बारा नंबर बोलतोय. ग्लेन्डा, भट्टीच्या थांब्यावर दुसरा ड्रायव्हर पाठव."

"काय झालं? गाडी बंद पडली?"

"गाडी ठीक आहे. मला दिसत नाही."

"धुकं सगळीकडेच आहे रे. जरा थांब, उठेल."

"धुक्याचं नाही सांगत मी. माझे डोळे गेले आहेत, ग्लेन्डा. मार्चपासून. तपासणीत मी लबाडी केली." त्याने रेडिओचं बटण सोडलं नाही. "फळीवरचा तो कागद मर्व्हने मारलेला आहे. कोणालाही विचार. दुसरा ड्रायव्हर पाठव, मी ही गाडी एक इंच पुढे नेणार नाही."

मग ग्लेन्डा हळू आवाजात म्हणाली, आणि ती हळू बोललेली आम्ही कोणी कधी ऐकली नव्हती, "दिवे चालू ठेव. मी स्वतः येते."

ती येईपर्यंत लेस्टर हात मांडीवर ठेवून बसून राहिला. टेसाने विचारलं, "आज शाळेला उशीर होणार का?" तो म्हणाला, "हो." पोरांनी आनंदाने कल्ला केला.

घरी त्याला मर्व्हने सोडलं. दारापाशी आल्यावर मर्व्ह म्हणाला, "मला सांगायचंस ना रे, गाढवा," आणि नाक शिंकरून निघून गेला. आर्लीन स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, दोन्ही हातांच्या तळव्यांत कप धरून. बोटांनी तिला धरता येत नसे.

"आत्ता कसा आलास तू?"

तो दारातच उभा राहिला. डोळ्यांचं सांगायचं होतं, मार्चपासूनचं सगळं सांगायचं होतं, इलायचं सांगायचं होतं. तोंडातून आलं ते एवढंच. "विमा गेला, आर्लीन."

तिने कप खाली ठेवला. त्याच्याकडे नीट बघितलं. तिरकी मान, लाल झालेले डोळे, अंगातला बसचा कोट तसाच.

"कोणाला लागलं का?" तिने विचारलं.

"नाही."

"कोणत्याही पोराला नाही ना?"

"नाही," तो म्हणाला, आणि इतके महिने दाबून धरलेलं रडणं त्याला आवरेना. तो तिच्यासमोर खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देत रडला. आर्लीनला त्याचा हात हातात घट्ट धरता येण्यासारखा नव्हता. तिने आपला सुजलेला हात त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "उद्याचं औषध चढवायचं आहे, तेवढं तरी मिळेल का, ते हॉस्पिटलला विचार आधी."

लेस्टरने डोळे पुसले आणि फोन तिच्याकडे सरकवला. आकडे त्याला दिसत नव्हते, आणि तिला दाबता येत नव्हते. तिने एकेक आकडा वाचला आणि तो चाचपडत एकेक दाबत गेला.